वयात येणारी मुले आणि घरातील धम्म



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, आपल्या चांद्याला परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी दीक्षा घेतलेल्यांची नातवंडे-पतवंडे आज शाळा-कॉलेजात शिकत आहेत. या पाक्षिकाच्या वाचकांपैकी पुष्कळ कुटुंबांनी तर अगदी अलीकडे त्रिसरण-पंचशील ग्रहण केले आहे. दीक्षा दोन पिढ्यांपूर्वीची असो की गेल्या वर्षीची, एक प्रश्न दोन्ही घरांत सारखाच उभा राहतो. देव्हाऱ्यातील देव एका दिवसात काढता येतात. परंतु बाप मुलाशी कसा बोलतो, माय मुलीला काय सांगते, आजी कोणाची बाजू घेते, या गोष्टी एका दिवसात बदलत नाहीत. त्यातही घरात तेरा ते एकोणीस वर्षांचे मूल असेल तर या गोष्टींची रोज परीक्षा होते.

म्हणून या वेळच्या अभ्यासपाठाचा विषय आहे : वयात येणारे मूल आणि त्याचे घर. भगवान बुद्धांनी गृहस्थांसाठी सांगितलेला गिही-विनय या कामी कसा उपयोगी पडतो, ते आपण पाहू.

१. एक घर डोळ्यांपुढे आणा

समजा, नागभीड-ब्रह्मपुरीकडील एक खेडे आहे. धानाची कापणी-मळणी आटोपली की नवरा-बायको मिरची तोडायला तेलंगणात जातात. घरी म्हातारी आजी, दहावीतला मुलगा आणि आठवीतली मुलगी. दहावीची परीक्षा होते तेव्हा मायबाप परमुलखात असतात. ते परत येतात. पुढे निकाल लागतो. मुलाचे दोन विषय राहिले आहेत. त्याच्या खिशात खर्‍याची पुडी सापडते. बाप चारचौघांत कानाखाली मारतो.

त्या दिवसापासून मुलगा बापाशी बोलत नाही. रात्री उशिरा घरी येतो. माय त्याचे ताट झाकून ठेवते आणि बापापासून लपवते. आजी त्याच्या हातावर गुपचूप दहा-वीस रुपये ठेवते आणि म्हणते, "त्याले कायले बोलता, लेकरू आहे." बाप संध्याकाळी पिऊन येतो आणि म्हणतो, "तुमच्या लाडानंच पोरगा बिघडला." शिव्या ऐकल्या की मुलगा पुन्हा बाहेर. पानठेल्यावर पुन्हा खर्रा.

या साऱ्या गोंधळात एक जण गप्प आहे : ती आठवीतली मुलगी. ती भांडत नाही, मागत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. रोवणीचे दिवस येतात. "मुलगा तर वाया गेला, आता शिकून काय करता," असे म्हणून तिचीच शाळा बंद होते. चूक एकाची ठरली आणि किंमत दुसरीने मोजली.

घुग्घुस-दुर्गापूरच्या कोळसा खाणीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या घरी, किंवा आरमोरीच्या एखाद्या शिक्षकाच्या घरीही, थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसेल. तिथे मिरचीऐवजी रात्रपाळी असेल आणि खर्‍याऐवजी मोबाइल असेल.

२. दोष कोणाचा?

अशा घरात गेलात तर प्रत्येक जण बोट दाखवतो आणि बहुतेक बोटे त्या मुलाकडे असतात. "याला सुधरवा, म्हणजे घर सुधरेल," असे सगळ्यांचे मत असते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात काही डॉक्टरांना मात्र वेगळी शंका आली. मुलाला एकट्याला तपासून, समज देऊन घरी पाठवले तरी घरी गेल्यावर तो पुन्हा तसाच का होतो? त्यातून सगळ्या कुटुंबाला एकत्र बसवून उपचार करण्याची रीत वाढली. तिला डॉक्टर फॅमिली थेरपी म्हणतात, आपण कुटुंबोपचार म्हणू.

यात साल्वादोर मिनुचिन हे नाव आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. न्यूयॉर्कमधील विल्टविक शाळेत गुन्हेगार ठरवलेली मुले येत. त्यांतली बहुतेक गरीब, काळ्या आणि पोर्तो रिकन वस्त्यांतली असत. मिनुचिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या मायबापांना, भावंडांना सोबत बसवून काम केले आणि १९६७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या देशातही १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. ते त्यांना आजार समजावून सांगत आणि उपचारात सामील करून घेत. ज्या काळी वेड लागलेल्या माणसाला आत कोंडून घरचे निघून जात, त्या काळी ही मोठीच गोष्ट होती.

या रीतीचा गाभा असा : घरातील माणसे एकमेकांना बांधलेली असतात. एकाच्या वागण्याने दुसऱ्याचे वागणे घडते आणि ते फिरून पहिल्याकडे येते. वरच्या घरात बाप ओरडतो म्हणून मुलगा बाहेर जातो. मुलगा बाहेर जातो म्हणून माय लपवते. माय लपवते म्हणून बापाला वाटते की आपल्याला घरात किंमत नाही, आणि तो पितो. पितो म्हणून ओरडतो. बैल घाण्याला फिरावा तसे हे घर फिरत राहते. कोणी सुरुवात केली, हे शोधून उपयोग नाही. कोण प्रथम थांबणार, एवढाच प्रश्न उरतो.

बौद्ध माणसाला हा विचार परका वाटू नये. हे असले तर ते होते, हे थांबले तर ते थांबते, हाच प्रतीत्यसमुत्पादाचा साधा अर्थ आहे. मुलगा "जातीचाच तसा", "नशिबाचाच तसा", "मागच्या जन्माचे पाप" ही भाषा आपण दीक्षा घेताना मागे टाकली. कारण शोधायचे आणि कारण दूर करायचे, ही आपली भाषा आहे.

३. सिगालाच्या सहा दिशा

दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण रोज पहाटे ओल्या वस्त्राने उभा राहून सहा दिशांना हात जोडत असे. का जोडतोस, असे विचारले तेव्हा त्याने सांगितले की वडिलांनी मरताना सांगितले म्हणून. अर्थ त्याला माहीत नव्हता. वडिलांच्या शब्दाचा मान होता, समज मात्र नव्हती.

भगवंतांनी त्याच्या बापाची निंदा केली नाही आणि त्या मुलाची टिंगलही केली नाही. दिशांचा अर्थच त्यांनी बदलून दिला. पूर्व दिशा म्हणजे मायबाप, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारी माणसे आणि वरची म्हणजे श्रमण. पूजा आकाशाची करायची नाही, नाती नीट सांभाळायची. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या जीवननियमांत या उपदेशाला स्थान दिले, ते उगाच नव्हे.

आता पूर्व दिशा पाहा. मुलाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांचा आशय असा : ज्यांनी पोसले त्यांना पोसावे, त्यांची कामे करावी, कुळाचे नाव राखावे, वारशाला पात्र व्हावे, ते गेल्यावर त्यांच्या नावे दान द्यावे. आपले बरेच पालक येथपर्यंतच वाचतात आणि मुलाला ऐकवतात. परंतु सुत्त पुढे चालते. मायबापांचीही पाचच कर्तव्ये आहेत : मुलाला वाईटापासून आवरावे, चांगल्याकडे लावावे, पोट भरण्याची विद्या शिकवावी, योग्य विवाह करून द्यावा आणि वेळ येताच वारसा त्याच्या हाती द्यावा. पाचाला पाच आहेत. मनुस्मृतीच्या घरात आज्ञा वरून खाली येते. गिही-विनयाच्या घरात कर्तव्य दोन्ही बाजूंनी चालते.

त्यातील शेवटच्या कर्तव्यावर जरा थांबा. तुम्ही म्हणाल, आमच्याजवळ शेत नाही, वारसा कोणता देणार? भूमिहीनाच्या घरीही वारसा असतो, तो म्हणजे विश्वास आणि जबाबदारी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे पैसे मुलाच्या किंवा मुलीच्या बँक खात्यावर येतात. पुष्कळ घरांत ते मुलाला न विचारता खर्च होतात. घरात खरीच अडचण असेल तर ती सोळा वर्षांच्या मुलापुढे मांडा. किती आले, किती लागतात, किती परत ठेवू, हे त्याच्यासोबत बसून कागदावर लिहा. ज्याला हिशेब दाखवला जातो, त्याला आपण घरचे आहोत असे वाटते.

विवाहाच्या कर्तव्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, आणि पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे. १८ वर्षांपूर्वी मुलीचे आणि २१ वर्षांपूर्वी मुलाचे लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुलगी मोठी झाल्यावर तिने दुसऱ्या जातीतला जोडीदार निवडला तर जाती मोडण्याचे भाषण करणाऱ्या बापाची तेव्हा खरी परीक्षा असते.

४. राहुलाला कसे शिकवले

स्वतः भगवंतांचा मुलगा राहुल संघात वाढला. अम्बलट्ठिका येथील उपदेश मज्झिमनिकायात आहे. विषय होता खोटे बोलणे. भगवंतांनी पाय धुऊन भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि विचारले, राहुल, हे थोडेसे पाणी दिसते का? मग ते फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ केले, आणि दर वेळी विचारले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज नसलेल्या माणसाचे श्रमणत्व या भांड्यासारखे रिकामे होते, असे दाखवले. मग आरशाचा दृष्टांत दिला. आरसा पाहण्यासाठी असतो, तसे प्रत्येक कर्म पाहून करावे. करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर विचारावे की यात माझे, दुसऱ्याचे किंवा दोघांचे अहित आहे काय. चूक झालीच तर ती जाणत्यासमोर सांगावी आणि पुढे आवरावे.

इथे मारणे नाही, "माझी इज्जत घालवलीस" नाही. हातातल्या वस्तूवरून प्रश्न विचारला आहे आणि विचार करण्याची रीत मुलाच्या हाती दिली आहे. अट्ठकथांच्या परंपरेनुसार पुढे अठराव्या वर्षी भगवंतांनी राहुलाला निराळा उपदेश केला. पृथ्वीवर स्वच्छ-अस्वच्छ काहीही टाका, ती किळस करत नाही, तसे मन करावे, आणि मैत्रीची भावना करावी, असा तो उपदेश होता. लहानाशी एक भाषा, वाढत्याशी दुसरी. आपण मात्र सतरा वर्षांच्या मुलाशी सात वर्षांच्याच भाषेत बोलतो.

वैद्यकशास्त्र सांगते की या वयात शरीर झपाट्याने वाढते, परंतु विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. म्हणून मुलगा शरीराने बापाएवढा दिसला तरी त्याला आवर घालायला बाहेरच्या शांत माणसाची गरज असते. ओरडणारा बाप त्याचा आवर होऊ शकत नाही.

आणि खोटे तो शिकतो कोठून? कर्जाच्या हप्त्याचा माणूस दारात आला की आपण मुलाला सांगतो, "सांग, बाबा घरी नाहीत." दुसऱ्या दिवशी शाळा बुडवल्याचे त्याने लपवले तर त्याच मुलाला मारतो. पाचव्या शीलाचेही तसेच आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्याची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. कायदा असो वा नसो, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात दारूला जागा नाही. बापाच्या तोंडाला दारूचा वास असेल तर मुलाच्या खर्‍यावर त्याला बोलता येत नाही.

५. शुद्धोदनाचे दुःख

कोणी विचारील, मग वडीलधाऱ्यांनी नुसते ऐकूनच घ्यायचे काय? विनयपिटकातील एक प्रसंग पाहा. राहुलाला प्रव्रज्या दिली गेली तेव्हा आजोबा शुद्धोदन भगवंतांकडे आले. मुलगा गेला तेव्हा दुःख झाले, नंद गेला तेव्हा झाले, आता नातू गेला, असे दुःख त्यांनी मांडले, आणि मायबापांच्या संमतीवाचून कोणाला प्रव्रज्या देऊ नये असे मागणे केले. भगवंतांनी ते मान्य करून तसा नियम केला.

ज्यांनी नियम घालून दिला त्यांनीच एका दुःखी म्हाताऱ्याचे ऐकून नवा नियम केला. ज्या घरात आजीला जुने देव सोडताना जड जाते, पोळ्याच्या-नवरात्राच्या दिवसांत तिचे मन हळवे होते आणि कॉलेजात जाणारा नातू तिच्यावर धम्माच्या नावाने ओरडतो, त्या घराने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. तरुणांनाही पूर्व दिशा आहे. प्रतिज्ञा मोडू नका, पण आजीचाही अपमान करू नका. तिला विहारात सोबत न्या आणि वंदना शिकवा.

६. घरची पवारणा

आता कृती. वर्षावास संपताना, आश्विन पौर्णिमेला, भिक्खुसंघात पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की माझे काही चुकलेले पाहिले, ऐकले किंवा शंका आली असेल तर कृपा करून सांगा. आणि ही विनंती सर्वांत ज्येष्ठ भिक्खू प्रथम करतो. हीच रीत आपण घरात आणू. आठवड्यातून एकदा, रविवारी सायंकाळी वंदनेनंतर अर्धा तास पुरे.

बाप खाटेवर आणि बाकीचे खाली, असे बसू नका. सर्वांनी एकाच चटईवर गोल बसावे. टीव्ही बंद, मोबाइल दूर. प्रथम घरातील मोठ्याने म्हणावे : "या आठवड्यात माझे काय चुकले ते सांगा, मी रागावणार नाही." मग बोलण्याची सुरुवात सर्वांत लहानाने करावी आणि मोठ्याने शेवटी बोलावे. प्रत्येकाने घरातल्या एकाची एक चांगली गोष्ट आणि आपली एक अडचण सांगावी. एकाचे बोलणे पुरे होईपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडू नये. माणसावर शिक्का मारू नये. "तू आळशी आहेस" म्हणण्याऐवजी "मंगळवारी तू पाणी भरले नाहीस" असे म्हणावे. जुने उकरून काढू नये.

शेवटी एकच लहान निर्णय घ्यावा आणि वहीत लिहावा. उदाहरणार्थ, वरच्या घरात पहिल्या आठवड्याचा निर्णय एवढाच असू शकतो : बाप चारचौघांत बोलणार नाही, मुलगा आठ वाजता घरी येईल, माय ताट लपवणार नाही, आजी पैसे देणार असेल तर सांगून देईल, आणि मुलगी रोवणीला जाणार नाही, शाळेत जाईल. पाहा, पाचही जणांच्या वाट्याला काही तरी आले. पुढच्या रविवारी वही उघडावी. मोडले असेल तर का मोडले ते विचारावे, शिक्षा ठरवू नये. पहिल्या दोन-तीन बैठकींत मुलगा गप्प बसेल. बसू द्या. आपण खरेच ऐकतो की नाही, हे तो पाहत असतो. आवाज चढला तर बैठक थांबवून पाच मिनिटे आनापान करावे. मायबाप कामावर परमुलखात असतील तर ठरलेल्या दिवशी फोनवर हीच बैठक करावी, आणि फोनवर अभ्यासाआधी "जेवलास काय" हे विचारावे.

मुलगी वयात आली की मायने तिच्याशी पाळीबद्दल मोकळे बोलावे. धम्मात विटाळ नाही, तिला कोपऱ्यात बसवू नये. मुलाशी बापाने शरीरातील बदलांबद्दल बोलावे. बोलता येत नसेल तर शिकवणारे आहेत. गडचिरोलीजवळील शोधग्राम येथील 'सर्च' संस्थेच्या डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' ही शिबिरे याच वयासाठी सुरू केली.

७. बाहेरची मदत केव्हा

काही गोष्टी चटईवर सुटत नाहीत. मूल आठवडे-आठवडे झोपत नाही, जेवत नाही, एकटे बसते, मरणाची भाषा बोलते, स्वतःला इजा करते, किंवा नशेविना राहू शकत नाही, तर वाट पाहू नका. मरणाचे बोलला तर "नाटक करतो" म्हणू नका. त्याला एकटे सोडू नका आणि घरातील कीटकनाशक कुलपात ठेवा. निकालाच्या दिवसांत विशेष जपा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांच्या सल्ला केंद्रांना महाराष्ट्रात 'मैत्री' क्लिनिक असे नाव आहे. मुलामुलींना तिथे पाठवण्यात कमीपणा नाही.

मुलीच्या अंगात येते, तिला झटके येतात, म्हणून मांत्रिकाकडे नेऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि झटक्यांवर दवाखान्यात औषध आहे.

आणखी एक सावधगिरी. घरातच कोणी मुलाला अमानुष मारत असेल किंवा मुलीशी घाणेरडे वागत असेल, तर त्या माणसासमोर मुलाला बसवून बोलते करू नका. तिथे समेट नको, प्रथम मुलाला सुरक्षित करा. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, आणि २०१२ चा पोक्सो कायदा मुलांच्या बाजूने उभा आहे. घराची अब्रू म्हणून हे झाकणे शीलात बसत नाही.

उपासक-उपासिकांनो, दीक्षेच्या दिवशी आपण शुभ्र वस्त्रे नेसलो. मूल ते पाहते, पण लक्षात ठेवते ते जेवताना घरात ऐकलेले शब्द. येत्या रविवारी चटई अंथरा आणि मोठ्यांनी प्रथम विचारा.

विहारातील चर्चेसाठी प्रश्न

१. सिगालाच्या वडिलांची आज्ञा भगवंतांनी मोडली की तिचा अर्थ बदलला? आपल्या घरातील अशी एक जुनी आज्ञा सांगा.
२. मायबापांच्या पाच कर्तव्यांपैकी आपल्या घरात सर्वांत मागे कोणते राहिले आहे?
३. वर सांगितलेल्या घरात प्रथम कोणी थांबावे असे तुम्हांस वाटते? मुलांना आधी उत्तर देऊ द्या.
४. आपल्या घरात गप्प राहणारे मूल कोणते? गेल्या आठवड्यात त्याच्याशी किती वेळ बोललात?

जयभीम! नमो बुद्धाय!